तुमच्याकडं बळद हाय का?

मला बघायला पाहुणे आले तेव्हा मी एकच गोष्ट विचारली. पोरीनं काही विचारायचं नसतं, विचारायचं ते पाहुण्यांनी. नाव काय, भाकरी थापता येते का, दळण किती दळतीस. ते सगळं विचारून झालं आणि माझ्या ओटीत खण-नारळ घालून होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, “तुला काही इचारायचं का गं बाई?” हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात. पोरीनं मान हलवायची आणि आत निघून जायचं. मी मान वर केली आणि विचारलं, “तुमच्याकडं बळद हाय का?” ओसरीवर जो हशा पिकला, तो पिकला. माझ्या चुलत्यांनी मांडीवर थाप मारली, म्हणाले, “जमीनवाल्याची लेक हाय, दाणे किती ते आधी बघणार!” सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. “न्हाई बाई, आमी नांदेडात ऱ्हातो. घरात एक कणगी हाय, तिच्यात दोन पोती ज्वारी मावती, बस.” मी म्हटलं, “मंग मला चालतंय.” पुन्हा हशा. हसला नाही तो एकटा माझा बाप. तो खांबाला टेकून बसला होता, त्यानं माझ्याकडं बघितलं आणि सुपारी कातरत राहिला. मी काय विचारलं ते सगळ्या बैठकीत त्या एका माणसाला कळलं होतं.

आता कोणाच्या घरी बळद राहिलं नाही, म्हणून सांगावं लागतं. आमचं गाव रेणापूरपासून दोन कोसांवर, घर माळवदाचं, भिंती हातभर नव्हे, पुरुषभर रुंद. त्या भिंतीच्या पोटात एक पोकळ खोली सोडलेली असायची, तिला दार नाही, खिडकी नाही. तेच बळद. वर माळवदावर माणूस उतरेल एवढं तोंड, त्याच्यावर फरशी. खाली घरातल्या बाजूनं मूठ जाईल एवढं भोक, त्याला चिंध्यांचा बोळा. खळ्यावरची ज्वारी वरून ओतायची, वर्षभर खालून काढायची. दाणे तळाला गेले, कोपऱ्यातले निघेनात, की घरातलं एखादं लेकरू दोरानं खाली सोडायचं. ते केरसुणीनं दाणे भोकाकडं लोटायचं, कोपरे झाडायचं, आणि हाक मारली की वर ओढून घ्यायचं. घरोघर हेच होतं. आमच्या शेजारची पोरं तर बळदात उतरायला भांडायची. आत गाणं म्हटलं की घुमतं म्हणून.

माझा बाप मला दाणे झाडायला उतरवत नव्हता. दाणे संपले की उतरवायचा, आणि वरून फरशी लावायचा. 

का, म्हणाल, तर काही कारण लागत नव्हतं. दुधाचं भांडं लवंडलं. हाक मारल्यावर ओ उशिरा दिली. एकदा पाहुण्यांसमोर मोठ्यानं हसले. बाप कधी ओरडला नाही, त्यानं कधी हात उगारला नाही, अजून गावात जा, म्हातारे सांगतील, आबासारखा शांत माणूस पंचक्रोशीत झाला नाही. तो नुसतं म्हणायचा, “चल.” आणि मी जायची! हे आठवलं की आजही माझं मस्तक फिरतं. सहा वर्षांची पोर, स्वतःच्या पायानं जिना चढून माळवदावर जायची आणि दोर कमरेला बांधून घ्यायला हात वर करायची. मग तो शेताला निघून जायचा. कधी दुपारपुरतं, कधी दिवेलागणीपर्यंत, आणि एकदा तो बाजाराला गेला आणि विसरला. विसरला म्हणे! माणूस छत्री विसरतो, डबा विसरतो.

आणि आई. आईचं सांगायला मला बापापेक्षा जड जातं, पण सांगते. सगळे आपापल्या कामाला गेले की आई खालचा बोळा काढायची. मुठीएवढा उजेड आत यायचा, त्यातून तिची बोटं यायची आणि बोटांत गुळाचा खडा. “खा, कौसा. रडू नको, आबा येतेल आता.” मी खडा घ्यायची. आणि मग, ऐका, ती बोळा परत लावायची. आत दाणा नव्हता, उंदीर शिरायची भीती नव्हती. मी होते. तरी ती बोळा घट्ट दाबून लावायची. जिना तिलाही चढता येत होता. फरशी काही पहाड नव्हती, दोन बाया मिळून पापड वाळवताना ती रोज सरकवायच्या. माझ्या लेकी मला म्हणतात, “आई, तिची काय चूक, तिलाही भीती असंल.” असेल की. पण मला गूळ नको होता.

बळद भरलेलं असलं की मला ठेवायला जागा नसायची, हे माझ्या फार लवकर ध्यानात आलं. खळं झालं, ज्वारी घरात पडली, की उन्हाळाभर मी राणी. आषाढात दाणे उतरायला लागले की मी भोकात हात घालून बघायची, किती आवाजानं पडतात. तेव्हापासून मी कमी खायला लागले. पोरांच्या डोक्यात जे येतं ते येतं, मला वाटायचं मी अर्धी भाकरी खाल्ली तर दाणे अर्ध्यानं जास्ती टिकतील. आठ माणसांचं घर, दोन गडी, दारात मागतकरी, त्यात माझ्या अर्ध्या भाकरीनं काय होणार होतं? तरी मी अर्धीच खायची, उरलेली टोपल्यात ठेवायची. बायका आईला म्हणायच्या, “किती शहाणी गं तुझी लेक, तोंडाला आवर हाय.” आई खूश व्हायची.

नातवंडं आली की विचारतात, “आजी, निजामाचं राज्य कसं होतं, रझाकार पाहिले का?” ते सांगणारे पुष्कळ आहेत, त्यांची पुस्तकं आहेत, सत्कार झालेत. माझ्या बापाच्या राज्यातून मी कशी सुटले ते मला कोणी विचारलं नाही, म्हणून मी आपणहून लिहून राहिले.

लग्न होऊन मी नांदेडला आले. घर लहान, दोन खोल्या आणि अंगण. पहाटे गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन ऐकू यायचं, त्याच्या मागोमाग मशिदीतली बांग, मग जिनिंगचा भोंगा, मग टांगेवाल्यांची भांडणं. मला तो गलका इतका आवडला म्हणून सांगू! बळदात स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येत नाही. घरात माणसं दोन. सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची, विधवा बाई, तोंडानं फटकळ, दिवसभर बडबड चालू. आणि हे. नाव घ्यायची मला सवय नाही, हे म्हणजे हेच. हे अदालतीबाहेर लिंबाखाली बसायचे, अर्जनवीस होते. खेड्यापाड्यातली अडाणी माणसं यायची, आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगायची, हे ते सरकारच्या उर्दूत लिहायचे. त्या कामाचा एक नियम होता, आणि हे तो कसोशीनं पाळायचे. लिहून झालं की अर्ज जसाच्या तसा मराठीत वाचून दाखवायचा, माणूस म्हणाला की हाव, हेच मी बोललो, तेव्हाच त्याचा अंगठा घ्यायचा. नाहीतर फाडून पुन्हा लिहायचं.

माझी नात आता लग्नाआधी मुलाबरोबर हिंडते, हॉटेलात बसून दोघं डोसा खातात आणि एकमेकांना पारखतात. पारखा बाबांनो, चांगलं आहे. आम्हाला पारखायला लग्नानंतरच मिळायचं, आणि मी ज्या रीतीनं पारखलं ती सांगायलाही लाज वाटते. ह्यांनी खोलीचं दार लावलं की माझ्या अंगाला दरदरून घाम यायचा, मी उठून दार उघडायची. त्यांना वाटलं मी त्यांना नापसंत केलं. दोन-चार दिवसांनी त्यांनी अंगणातली एक वीट आणून दाराला लावून ठेवली, की वाऱ्यानंही ते मिटू नये. मला बरं वाटलं पाहिजे होतं. मला राग आला. वाटलं, हा माणूस वरवर असा, ह्याचं बळद कुठंतरी असणारच. ते कुठं आहे हे कळेपर्यंत मला चैन नव्हतं. मग मी खोड्या सुरू केल्या. येसराच्या आमटीत मूठभर मीठ घातलं. हे दोन घास खाऊन म्हणाले, “आज हात जड झाला वाटतं,” आणि पाणी घालून जेवले. त्यांचं धोतर मुद्दाम काट्याला लावून फाडलं. ते त्यांनी शिवून आणलं. शेवटी एका सकाळी ह्यांनी रात्रभर जागून लिहिलेला अर्ज चौरंगावर वाळत होता, त्याच्यावर मी दौत उपडी केली. सगळा कागद काळा. मी तिथंच उभी राहिले. “चल” म्हणतील म्हणून हात वर करायच्या तयारीत. त्यांनी कागदाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, कपाळाला हात लावला. “अरे देवा! आता तो म्हातारा येऊन बसला असंल तिथं. दुसरा ताव दे गं लवकर.” आणि बसून पुन्हा लिहायला लागले. मी न्हाणीत जाऊन रागानं रडले. अशा माणसाशी वागायचं कसं ते मला कोणी शिकवलंच नव्हतं.

खाणं माझं अर्धंच होतं. कणगीतली ज्वारी खाली गेली की मी हात घालून दाणे चाचपायची, डोक्याला कळत होतं की कणगीत कोणी कोणाला कोंडत नाही, पोटाला कळत नव्हतं. आत्याबाई करवादायच्या, “चिमणीवाणी दाणे टिपतीस! लोकं म्हणतेल सासू उपाशी मारती. खा की माय, कोणासाठी राखतीस?” पहिल्या वर्षी पंचमीला मला न्यायला माहेराहून मुराळी आला नाही. आमच्या भागात पंचमी म्हणजे लेकींचा सण, नागपंचमीच्या आधी घरोघर भाऊ नाहीतर बाप मुराळी म्हणून येणार, लेकीला घेऊन जाणार, झोके, फेर, गाणी. सगळी गाणी एकाच गोष्टीची, मुराळी कधी येईल, माहेराची वाट कधी दिसेल. मी त्या गाण्यांत टाळ्या वाजवायची आणि मनात म्हणायची, आगीत घाला ते माहेर. मुराळी आला नाही म्हणून मी सुखात होते, आणि आळीतल्या बाया माझी कीव करत होत्या.

दुसऱ्या वर्षी आषाढात एके दिवशी हे कचेरीतून आले ते हसतच. पागोटं खुंटीला लावून म्हणाले, “कौसा, खूशखबर हाय. मी मामांना, तुझ्या आबांना, खत लिवलं होतं. म्हटलं, पोर झुरणीला लागली, अन्न जाईना, औंदा पंचमीला न्या तिला. त्यांचा जबाब आला. सोता आबाच येऊन राहिलेत मुराळी म्हणून!” आत्याबाई चुलीपाशी होत्या, त्यांनी तिथूनच कानशिलावर बोटं मोडली. “बगा, माझ्या लेकाला बायकूच्या मनातलं कळतंय!”

काय बोलणार? त्यांचं काही चुकलं होतं का? सासुरवाशीण जेवत नाही, हसत नाही, म्हणजे तिला माहेराची ओढ लागली, हे शेंबडं पोरही सांगेल. दुसरं काही कारण असू शकतं, हे आमच्या मुलखात कोणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. मायेनंच केलं त्यांनी. त्या मायेनं माझ्या पायाखालची जमीन काढून घेतली. श्रावण म्हणजे बळद उतरणीला लागलेलं. मी अर्ध्या भाकरीवरून चतकोरावर आले.

निजामाच्या राज्यात सुट्टी शुक्रवारची असायची. शुक्रवारी दुपारी आत्याबाई कोणाच्या तरी घरी वाती वळायला गेल्या होत्या. मी काटवटीत भाकरीचं पीठ घेतलं, मग त्यातलं मूठभर परत डब्यात टाकलं, मग आणखी मूठभर. हे दारात उभे होते, मला माहीत नव्हतं. म्हणाले, “कोणासाठी राखून राहिलीस?” रोज आत्याबाई विचारायच्या तेच. पण त्या दिवशी माझ्या आत काहीतरी तटकन तुटलं. मी काटवट उचलून भिंतीवर मारली. “माझ्यासाठी! माझ्यासाठी राखून राहिले! दाणे संपले की तो मला भिंतीत घालतो, आन् तुमी त्याला खत लिवून बोलावलं!” पीठ सगळं माझ्या तोंडावर उडालं होतं. मी थांबले नाही. फरशी, दोर, बोळा, गूळ, विसरला ते, सगळं एकदम, आगापिछा नाही, मध्येच शिव्या. जन्मात कोणाशी इतकी बोलले नव्हते.

हे खाली बसले. त्यांना काय करावं ते कळेना. जवळ यावं तर मी अंगावर येईन अशी उभी. मग त्यांनी जे त्यांना येत होतं तेच केलं. चौरंग ओढला, ताव काढला, टाक दौतीत बुडवला आणि खाली मान घालून म्हणाले, “सावकाश सांग. पहिल्यापून. पहिल्यांदा कधी?” मला आधी वाटलं हा माणूस येडा हाय की काय! पण ते माझ्याकडं बघत नव्हते, कागदाकडं बघत होते, आणि त्यांनी बघितलं असतं तर मला पुढं बोलता आलं नसतं. मी भिंतीला टेकून बसले, तोंडावर पीठ तसंच, आणि सांगितलं. ते मध्येच विचारायचे, “फरशी कोण लावायचं?”, “तवा आई कुठं?”, “पाणी द्यायचे का?” अदालतीबाहेर परक्या माणसाला विचारावं तसं. कोणी “बाप हाय गं तुझा” म्हटलं नाही. कोणी “जाऊ दे” म्हटलं नाही.

लिहून झालं, त्यांनी मराठीत वाचून दाखवलं. मी ऐकत होते. एका ठिकाणी मी म्हटलं, “थांबा. काय म्हणालात?” ते पुन्हा वाचले, “...वडील मला शिस्त लागावी म्हणून बळदात ठेवीत असत.” माझा तिळपापड झाला. “शिस्त लागावी हे मी कवा बोलले? आन् ठेवीत काय, मी काय लोणचं हाय? कोंडलं म्हणा. पोटच्या पोरीला कोंडलं.” ते म्हणाले, “बापाबद्दल असं लिवायला हात धजंना गं.” मी म्हटलं, “मंग नियम कशाला सांगता? जे बोलली ते लिवा न्हाईतर फाडा.” त्यांनी खरोखर फाडला. दुसरा ताव घेतला, पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला, आणि पुन्हा वाचला. या खेपेला एक अक्षर इकडचं तिकडं नव्हतं. मी म्हटलं, “हाव. हेच बोलले.” त्यांनी माझा अंगठा शाईत बुडवला. कागद मी घडी घालून माझ्या पेटीत ठेवला. चिडचिड एकच होती, की माझं सगळं त्यात आहे आणि त्यातलं मला काही वाचता येत नाही.

पंचमीच्या दोन दिवस आधी बाप आला. पांढरंस्वच्छ धोतर, खांद्यावर गाठोडं, त्यात लाह्या, माझ्यासाठी खण, आणि आईनं दिलेली गुळाची ढेप. तोच गूळ! आत्याबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, घोंगडी अंथरली, चहा ठेवला. बाप ओसरीत बसून गोड गोड बोलत होता, पाऊसपाणी, बाजारभाव, “पोरगी वाळली की हो जावईबापू,” असं सगळं. मी दाराआड उभी होते. सकाळी हे मला म्हणाले होते, “तू काळजी करू नको, मी सांगतो त्यांना.” आता हे त्यांच्यासमोर मांडी घालून बसले होते आणि आपली नखं बघत होते. चहा झाला. पान झालं. हे नखंच बघून राहिले. बाप उठला, पटका नीट केला, आत न बघताच म्हणाला, “चल, कौसा. आवर.”

खरं सांगते, माझा हात वर जायला निघाला होता. लग्न झालेली बाई मी, आणि तो शब्द ऐकून माझे पाय उंबऱ्याकडं वळले. मी ह्यांच्याकडं बघितलं. मान खाली. त्या क्षणी मला बापाचा जितका राग आला नाही तितका ह्यांचा आला. मी आत गेले, पेटी उघडली, कागद आणून ह्यांच्या मांडीवर टाकला. म्हटलं, “वाचा.”

त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, “तुमचं कामच हाय ना ते? वाचा.”

त्यांनी घडी उलगडली. मग त्यांचा तो लिंबाखालचा आवाज लागला, सपाट, ना वर ना खाली, जसा कोणाच्याही बांधाच्या भांडणाचा अर्ज वाचावा तसा. आत्याबाई कपबशा घेऊन जाता जाता थांबल्या. बाप पटक्याला हात तसाच लावून उभा. वाचून संपलं. बाप शांतपणे म्हणाला, “जावईबापू, शहाण्या माणसानं बायकांचं बोलणं कागदावर घेऊ नये.” आत्याबाईच बोलल्या, आणि आधी माझ्यावरच. “अगं, मुराळी रिकामा परत धाडू नये गं, घराला बरं नसतंय ते.” मग थांबून बापाकडं वळल्या. “खरं हाय का व्याही हे?” बाप म्हणाला, “समद्याच घरी लेकरं उतरवत्यात बळदात.”

“दाणे काढाया उतरवत्यात,” आत्याबाई म्हणाल्या. “फरशी कामून लावली?”

फरशी कशासाठी लावली याला उत्तरच नव्हतं, आणि तेवढा एक साधा प्रश्न माझ्या गावात, माझ्या घरात, माझ्या आईसकट एकाही माणसानं त्याला विचारला नव्हता. तेव्हा कुठं हे उठले. “मामा, बोलावलं मी. चूक माझी. पण कौसा येणार न्हाई. औंदा न्हाई, कवाच न्हाई.” बाप आल्या पावली गेला. गाठोडं तिथंच राहिलं. लाह्या आत्याबाईंनी आळीत वाटून टाकल्या. गुळाची ढेप मी पदरात घेतली, घाटावर गेले आणि गोदावरीत फेकली. पंचमीचं पुरण करायचं होतं, आत्याबाई दुकानातून दुसरा गूळ आणायला गेल्या आणि वाटभर माझ्या नावानं बोटं मोडत गेल्या.

इथं गोष्ट गोड होते असं कोणाला वाटलं असेल तर तसं नाही. मी ह्यांच्याशी पंधरा दिवस बोलले नाही. ताट आदळून वाढायची. सोळाव्या दिवशी मीच विचारलं, “नखं कामून बघत होता?” त्यांनी घास खाली ठेवला. “भ्यालो,” म्हणाले. एवढंच. सबब सांगितली नाही. मी आणखी दोन दिवस रागावून राहिले, आणि मग माझ्या ध्यानात आलं की अठरा दिवस मी या घरात आग ओकून राहिले आहे, आणि रोज दाराला वीट आहे, रोज माझं ताट आहे. मला कोणी “चल” म्हटलं नाही. त्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या. आत्याबाई ओरडल्या, “अगं माय, आता पीठ पुरंना की!” आणि तिसरी तव्यावर टाकली.

बाप मेला तेव्हा मी गेले नाही. आई मेली तेव्हा गेले, बाहेरूनच परत आले. लोक म्हणतात, मेलेल्या माणसावर काय राग धरायचा. मी धरते. माझा आहे, मी धरीन. दार उघडंच ठेवून निजते, नातवंडं डासांच्या नावानं ओरडतात, ओरडोत.

त्या कागदासाठी मी अक्षर शिकले. मराठीच्या आधी उर्दू शिकले, ह्यांनीच शिकवली, शुक्रवारी दुपारी, माझा हात धरून. वर्ष गेलं असेल, नीट वाचता यायला लागलं तेव्हा मी पेटीतून कागद काढला आणि बोट ठेवत ठेवत वाचला. सगळं मी बोलले होते तसंच होतं. पण माझ्या अंगठ्याच्या खाली एक ओळ जास्तीची होती, जी त्यांनी मला वाचून दाखवली नव्हती. तिथं लिहिलं होतं, गवाह, म्हणजे साक्षीदार, आणि पुढं ह्यांचं नाव, ह्यांची सही. मी कागद घेऊन तशीच अंगणात गेले. हे दाढी करत होते. मी म्हटलं, “हे काय? अर्जनवीस कवा गवाह होत नसतो, तुमीच सांगता. आन् तुमी कुठं बघितलं मला त्या बळदात?”

साबण तसाच गालावर, त्यांनी वस्तरा खाली ठेवला. “बघितलं न्हाई,” म्हणाले. “पण गवाहाची जागा मोकळी ठेववंना.”